मोजपट्टी कोणाच्या हातात?

आमच्या मोहल्ल्यातली बरीचशी बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यात होत. माझा जन्मही तिथलाच. केसपेपर काढायच्या आधी तिथे एक छोटीशी प्रार्थना म्हटली जाई. अम्मी सांगायची, ‘प्रार्थना चालू असली की आम्ही बायका डोक्यावर पदर ओढून गप्प बसायचो. देवाचंच नाव घेतायत ना, घेऊ देत.’ तो दवाखाना पुष्कळ वर्षं चालला. त्या काळात आमच्या मोहल्ल्यातलं एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. मात्र त्या दवाखान्यामुळे जगलेली माणसं मोहल्ल्यात घरटी सापडतील.

मग ते मिशन साधलं की फसलं?

लहानपणी हा प्रश्न मला पडला नाही. पुढे वाचायला लागलो तेव्हा पडला. कारण हजारो मैलांवरून माणसं येतात, त्यांना कुणीतरी पाठवलेलं असतं, त्यांच्यासाठी कुणीतरी पैसे गोळा केलेले असतात, आणि त्या पैसे देणाऱ्याच्या मनात काही एक उद्दिष्ट असतं. ते उद्दिष्ट गाठलं की नाही, हे कोण ठरवणार? पाठवणारा, आलेला, की ज्याच्याकडे तो आला तो? आज या प्रश्नाचा थोडा उलगडा करायचा आहे, आणि त्यासाठी भारतातल्या पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनची हकिकत सांगायची आहे. हे मिशन ल्यूथरन पंथाचं होतं. त्याची सुरुवात १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या गावी झाली.

जर्मनीत १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिलं. त्याच्या मागे गेलेल्या मंडळींना ल्यूथरन म्हणतात. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत तर हाच राजधर्म झाला. पण पुढची जवळजवळ दोनशे वर्षं या पंथाने दूरदेशी धर्मप्रसारक पाठवण्याचं मनावर घेतलं नव्हतं. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेले कॅथलिक पाद्री सोळाव्या शतकातच स्थिरावले होते. फादर स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झालं होतं. त्या मानाने ल्यूथरन उशिराच जागे झाले.

त्यांना जाग आणली ती डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने. १६२० साली डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायक राजाकडून तरंगंबाडी मिळवली होती. तिथे त्यांनी डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला आणि गावाच्या नावाचा उच्चार ट्रांकेबार असा करून टाकला. आपल्या राज्यातल्या प्रजेला धर्म शिकवणं हे ख्रिस्ती राजाचं कर्तव्य आहे, असं फ्रेडरिकच्या मनाने घेतलं. पण जायला कोणी डॅनिश माणूस मिळेना. शेवटी दोन जर्मन तरुण मिळाले: बार्थोलोमियस झिगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्ल्यूटशाऊ. ९ जुलै १७०६ रोजी ते तरंगंबाडीला पोचले. झिगेनबाल्ग तेव्हा अवघा तेवीस-चोवीस वर्षांचा होता.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. तरंगंबाडीच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की राज्य लागायचं ते मराठ्यांचं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजीराजे तेव्हा तंजावरच्या गादीवर होते. डॅनिश लोक त्यांना दरवर्षी खंडणी भरत. म्हणजे या मिशनची गोष्ट घडली ती एका मराठी राज्याच्या उंबरठ्यावर.

आता गंमत पाहा. या एका मिशनचे मालक किती होते? राजाला कर्तव्य पार पाडायचं होतं. डॅनिश व्यापारी कंपनीला शांतपणे व्यापार करायचा होता; तिला हे पाद्री नकोच होते. जर्मनीतलं हाले हे गाव तिसरं. तिथे आउगुस्ट हेरमान फ्रांके नावाच्या धर्मगुरूने अनाथाश्रम, शाळा, छापखाना असा मोठा पसारा उभा केला होता. कर्मकांडापेक्षा माणसाच्या अंतःकरणातला पालट महत्त्वाचा, ही त्याची शिकवण. हालेहून माणसं यायची आणि पैसेही यायचे. मिशनऱ्यांची पत्रं तिथे १७१० पासून छापली जाऊ लागली आणि ती वाचून युरोपातले भाविक देणग्या देऊ लागले. पुढे १७१४ साली राजाने कोपनहेगनमध्ये मिशनचा कारभार पाहायला एक मंडळ नेमलं. हा चौथा मालक. शिवाय लंडनची एक अँग्लिकन संस्थाही मदत करत होती. तिने छापखाना पाठवला. वाटेत फ्रेंचांनी ते जहाज पकडलं, खंडणी भरून यंत्र सोडवावं लागलं, तेव्हा कुठे ते मद्रासला लागलं.

इतक्या मालकांच्या इतक्या अपेक्षा. त्या गावात उतरलेल्या माणसाने काय केलं?

त्याने प्रथम भाषा शिकायला घेतली. एका म्हाताऱ्या तमिळ पंतोजीला त्याने आपली शाळा मिशनच्या घरातच भरवायला सांगितलं. मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवत आणि हा जर्मन तरुण त्यांच्याशेजारी मांडी घालून तेच करत बसे. दोन वर्षांत त्याने शंभराहून अधिक तमिळ ग्रंथांची टिपणांसह यादी केली. नीतिपर तमिळ काव्यांची जर्मन भाषांतरं केली. मी कवी आहे, म्हणून मला हे विशेष वाटतं. दुसऱ्याला आपला धर्म शिकवायला निघालेला माणूस आधी त्याची कविता शिकायला बसला.

त्याने शाळा काढल्या, मुलींसाठीसुद्धा. बायबलचा नवा करार त्याने तमिळमध्ये आणला. तो १७१५ साली तरंगंबाडीत छापून पूर्ण झाला. हालेहून आलेले तमिळ टाइप इतके मोठे होते की कागद भराभर संपत होता. मग लहान टाइप तिथेच ओतले आणि जवळच्या पोरैयारला कागदाची गिरणी घातली. तमिळ छपाई याआधीही झाली होती. कॅथलिक पाद्र्यांनी १५७८ मध्येच तमिळ पुस्तक छापलं होतं. पण ती परंपरा खंडित झाली होती. या मिशनने छपाई पुन्हा सुरू केली.

स्टीफन नील या इतिहासकाराने १९६४च्या आपल्या ग्रंथात या मिशनची पाच सूत्रं सांगितली आहेत. मंडळी आणि शाळा हातात हात घालून चालल्या पाहिजेत. शास्त्र लोकांच्या भाषेत हवं. लोकांचं मन नीट ओळखल्याशिवाय उपदेश करू नये. पालट व्यक्तीच्या मनात घडला पाहिजे. आणि शक्य तितक्या लवकर इथली मंडळी इथल्याच माणसांच्या हाती जावी. त्या काळाचा विचार केला तर ही सूत्रं थक्क करणारी आहेत. त्यांच्या कसाला लावूनच या मिशनचा जमाखर्च मांडणं न्यायाचं होईल.

शाळा आणि भाषा ही जमेची बाजू. अर्थात झिगेनबाल्गचं भाषांतर ओबडधोबड होतं. पुढे फाब्रिसियस नावाच्या त्याच परंपरेतल्या मिशनऱ्याला नव्या कराराचं काम पुन्हा करावं लागलं. ते १७७२ साली आलं आणि तमिळ ल्यूथरन मंडळींनी पिढ्यान् पिढ्या तेच वाचलं. पहिला खर्डा चुकतो. पण तो असल्याशिवाय दुसरा होत नाही.

याच परंपरेत बेंजामिन शुल्ट्झे नावाचा एक मिशनरी होता. तो मद्रासला गेला. तिथल्या मुसलमानांशी बोलता यावं म्हणून तो हिंदुस्थानी शिकला आणि तिचं व्याकरण त्याने लॅटिनमध्ये लिहिलं. ते १७४०च्या दशकात हालेला छापलं गेलं. आमच्या घरात अम्मीची दखनी ‘बिगडी हुई उर्दू’ म्हणून हिणवली जाई. त्या बोलीच्या सख्ख्या बहिणीचं व्याकरण अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जर्मनाने मांडलं होतं, हे मला कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्याचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता, हे मी विसरत नाही. पण त्याने आमचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं, हेही मला विसरता येत नाही.

लोकांचं मन ओळखणं हे तिसरं सूत्र. १७१२ ते १७१४ या काळात झिगेनबाल्ग आणि त्याचा सहकारी ग्रुंडलर यांनी तमिळ माणसांना पत्रांतून प्रश्न विचारले. तुमचा देव कसा, तुमचे सण कोणते, तुम्ही आमचा धर्म का स्वीकारत नाही? आलेल्या उत्तरांपैकी ९९ पत्रं जर्मनमध्ये भाषांतरित होऊन हालेला छापली गेली. अठराव्या शतकात इथल्या माणसाला त्याच्या धर्माबद्दल कुणीतरी विचारलं आणि त्याचं उत्तर छापलं, ही साधी गोष्ट नाही. तुमचा धर्म चांगला असेल, पण तुमचे लोक वागतात कसे, असं मिशनऱ्यांना तिथे वारंवार ऐकावं लागे. बंदरातले दारुडे गोरे सगळ्यांनीच पाहिले होते.

याच अभ्यासातून झिगेनबाल्गने १७१३ साली दक्षिण भारतातल्या देवदेवतांवर एक मोठा ग्रंथ लिहून हालेला पाठवला. फ्रांकेने तो छापला नाही. मिशनऱ्यांना मूर्तिपूजा मोडायला पाठवलं आहे, तिची माहिती युरोपात पसरवायला नाही, असा त्याचा सूर होता. हस्तलिखित पडून राहिलं. ते छापलं गेलं १८६७ साली, तेही मद्रासमध्ये. त्याचा त्याआधीचा, १७११ सालचा ग्रंथ तर १९२६ साली अॅमस्टरडॅममध्ये प्रकाशित झाला. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. आज त्या काळच्या तमिळ समाजाचा अभ्यास करणाऱ्याला याच कागदांकडे यावं लागतं. मालकाने जे रद्दीत काढलं, ते अभ्यासकाच्या हाती सोनं होऊन आलं.

एक स्पष्ट सांगितलं पाहिजे. झिगेनबाल्ग काही सर्वधर्मसमभावाचा पुरस्कर्ता नव्हता. आपलाच धर्म खरा, बाकीचे अंधारात, ही त्याची श्रद्धा अखेरपर्यंत होती. तो प्रेमाने ऐकायचा आणि ऐकून झाल्यावर तुमचं चुकतं आहे असंच सांगायचा. त्याचं मोठेपण इतकंच की तो आधी ऐकायचा.

चौथं सूत्र मनाच्या पालटाचं. युरोपातल्या देणगीदारांना सर्वांत जास्त उत्सुकता याचीच. किती झाले? पहिला बाप्तिस्मा १७०७च्या मे महिन्यात झाला. पाच जण होते. पाचही डॅनिश मालकांचे गुलाम. झिगेनबाल्ग १७१९ मध्ये वारला तेव्हा मंडळी काही शेकड्यांत होती. बहुतेक गरीब, आश्रित, समाजाने कडेला टाकलेले. भाताच्या आशेने आलेले ख्रिस्ती, असं त्यांना हिणवलं गेलं. मला हा आरोप नेहमीच अपुरा वाटतो. भुकेल्या माणसाला भात आणि मान यांची आशा एकदमच असते. त्यातलं किती कशासाठी, हे पोट भरलेल्याने सांगू नये.

पण त्यांना मान मिळाला का? इथे खर्चाची बाजू मोठी आहे. देवळात वरच्या जातीचे आणि खालच्या जातीचे ख्रिस्ती वेगवेगळे बसत. मिशनने ही रीत मोडली नाही, चालवून घेतली. पुढे एकोणिसाव्या शतकात या कामाचा वारसा जर्मनीतल्या लाइपझिग मिशनकडे गेला. अँग्लिकन बिशपांनी जातिभेद बंद करायचा हुकूम काढल्यावर जात सोडायची तयारी नसलेले कितीतरी जण लाइपझिगवाल्यांच्या मंडळीत आले, कारण तिथे या बाबतीत सैलपणा होता. इथल्या समाजाला समजून घेण्याच्या नादात त्याचा सर्वांत मोठा अन्यायही समजून घेतला गेला. पंगतीला वेगळं बसण्याचं दुःख ज्याने भोगलं, त्याच्या हातात मोजपट्टी दिली तर तो या ठिकाणी मिशनला नापासच करील.

पाचवं सूत्र इथली मंडळी इथल्यांच्या हाती देण्याचं. सुरुवात तर झकास झाली. २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळक म्हणून दीक्षा मिळाली. सत्तावीस वर्षांत स्वतःचा पाळक! मग गाडी कुठे अडली? तमिळ ल्यूथरन मंडळी स्वतंत्र संस्था झाली १९१९ साली. तिचा पहिला बिशप स्वीडिश होता. पहिला भारतीय बिशप, आर. बी. माणिकम, १९५६ मध्ये त्या जागी बसले. १७०६ ते १९५६. शक्य तितक्या लवकर या शब्दांचा अर्थ अडीचशे वर्षं असा निघाला.

आता कोपनहेगनकडे वळू. तिथल्या मंडळाचा चिटणीस ख्रिस्तियान वेंड्ट याचं मत होतं की मिशनऱ्यांनी जुन्या प्रेषितांसारखं झोळी घेऊन गावोगाव हिंडावं. शाळा कशाला, इमारती कशाला, छापखाना कशाला? झिगेनबाल्गने १७१८ मध्ये नवं देऊळ बांधून पूर्ण केलं. ते आजही तरंगंबाडीत उभं आहे. नेमक्या त्याच काळात कोपनहेगनची पत्रं येत होती ती दोष देणारी. झिगेनबाल्ग आधीच पोखरलेला होता. सुरुवातीच्या दिवसांत डॅनिश कमांडंटने त्याला चार महिने कैदेत टाकलं होतं. हवा मानवत नव्हती. त्यात आपल्याच माणसांची ही टीका त्याच्या जिव्हारी लागली. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी तो गेला. वय छत्तीस. पुढच्याच वर्षी ग्रुंडलरही गेला.

कोपनहेगनच्या थंडीत बसून वेंड्टला जी उधळपट्टी दिसली, त्या शाळा, ते शब्दकोश, तो छापखाना हेच पुढे टिकलं. आणि टिकेल तेच मोजायचं असं ठरवलं, तर या मिशनचा सर्वांत मोठा परिणाम कुठल्याच योजनेत नव्हता. तो घडला आपल्या तंजावरात.

झिगेनबाल्गने एकदा तंजावरला जायचा प्रयत्न केला होता. त्याला वाटेतूनच परतावं लागलं. पण १७५० साली आलेला ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ तंजावरच्या राजवाड्यापर्यंत पोचला. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी, मराठी अशा भाषा त्याने आपल्याशा केल्या. हैदरअलीशी बोलणी करायला मद्रासच्या इंग्रजांनी १७७९ मध्ये त्यालाच श्रीरंगपट्टणला पाठवलं, कारण हैदरचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. इंग्रजांच्या शब्दावर मात्र विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. युद्धात तंजावरवर दुष्काळ आला. राजाच्या आणि कंपनीच्या वचनावर धान्य द्यायला शेतकरी तयार होईनात. श्वार्ट्झने हमी घेतली तेव्हा धान्याच्या गाड्या आल्या.

तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मरणापूर्वी दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे सरफोजी. भाऊबंदकीत त्याचा जीव धोक्यात होता. श्वार्ट्झने त्याला जपलं, शिकवण्याची व्यवस्था केली. सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला होता. या राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. १८०५ मध्ये तंजावरात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचं मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ याच छापखान्यातून निघालं. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्याची नोंद अगदी आरंभी येते. आपल्या गुरूचं संगमरवरी स्मारक सरफोजीराजांनी लंडनचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून घडवून आणलं. आणि ते स्वतः? हिंदू होते, अखेरपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झच्याच हाताखाली वाढलेला वेदनायगम शास्त्री हा ख्रिस्ती तमिळ कवी याच राजाचा स्नेही होता.

कोपनहेगनच्या वहीत सरफोजीचा रकाना कोरा राहील. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणजे फळ नाही. पण मराठी माणसाने आपली वही काढली तर? त्यातही एक नोंद लाल शाईने करावी लागेल. सरफोजीला गादी मिळाली ती इंग्रजांच्या पाठबळाने. १७९९च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीच्या हाती गेला आणि राजाकडे किल्ला आणि मान एवढंच उरलं. मिशनऱ्याच्या सज्जनपणाचा फायदा साम्राज्याने उठवला. श्वार्ट्झ सज्जन होता, हे खरं. त्याच्या सज्जनपणाच्या वाटेने दुसरं कोणी आत आलं, हेही खरं.

ही सगळी जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. पण मोजण्याची हौस काही गेलेली नाही. अमेरिकेत १८४७ साली स्थापन झालेली ‘मिसूरी सिनड’ ही एक मोठी ल्यूथरन संस्था आहे. तिचं भारतातलं काम १८९५ मध्ये तमिळ प्रदेशातच सुरू झालं आणि तिचे पहिले दोन मिशनरी आधी लाइपझिग मिशनचे होते. म्हणजे धागा तरंगंबाडीचाच. या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक मोहीम काढली. २०१७ मध्ये ल्यूथरच्या बंडाला पाचशे वर्षं होणार होती, तोवर दहा कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान पोचवायचं. त्यातले निम्मे अमेरिकेतलेच. २००४च्या अधिवेशनाने तिला पाठिंबा दिला. कोण कुणाशी धर्माबद्दल बोललं, याची मोजदाद सुरू झाली. संस्थेतल्याच अनेकांनी विचारलं, बोलणं मोजता येईल, पण ऐकणं कसं मोजणार? २०१० मध्ये नेतृत्व बदललं आणि मोहीम मागे पडली. हा प्रश्न विचारणारी माणसं संस्थेच्या आत होती, ही मला तिची जमेची बाजू वाटते.

याच्या अगदी उलट दिशेने एक पत्र गेलं होतं, आफ्रिकेतून. इथिओपियात स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन अशा मिशनांच्या कामातून १९५९ मध्ये मेकाने येसूस ही स्वतंत्र ल्यूथरन मंडळी उभी राहिली. १९७२ मध्ये तिने युरोपातल्या देणगीदार मंडळींना एक निवेदन पाठवलं. तिचे सरचिटणीस होते गुदिना तुमसा. निवेदनाचा मथितार्थ असा: दवाखाने, शाळा, विहिरी यांना तुम्ही हात सैल सोडून पैसे देता. आमच्या मंडळीच्या कामाला आणि आमची माणसं तयार करायला मागितले की हात आखडता घेता. माणसाचं पोट वेगळं आणि आत्मा वेगळा, ही वाटणी तुमची आहे. आमच्याकडे माणूस अखंड आहे. आणि कशाला पैसे द्यायचे याचे निकष तुम्ही एकट्याने ठरवले आहेत. सात वर्षांनी, २८ जुलै १९७९ रोजी, तिथल्या लष्करी राजवटीने गुदिना तुमसांना पळवून नेऊन ठार केलं. त्यांची मंडळी मात्र वाढत राहिली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या ल्यूथरन मंडळींत गणली जाते.

ही दोन टोकं शेजारी ठेवून पाहा. १७१८ मध्ये कोपनहेगन म्हणत होतं, इमारती नकोत, फक्त उपदेश करा. १९७२ मध्ये देणगीदार म्हणत होते, उपदेश तुमचा तुम्ही पाहा, आम्ही फक्त इमारती देऊ. मागणी पार उलटली, पण ती ठरवणारी खुर्ची जागची हलली नाही. माझ्या मते ल्यूथरन मिशनांच्या तीनशे वर्षांच्या धोरणातली खरी उणीव हीच आहे. त्यांची उद्दिष्टं चांगली होती की वाईट, यावर आपण वाद घालू शकतो. पण ज्यांच्यासाठी ती आखली, त्यांना आखताना कुणी विचारलं नाही. झिगेनबाल्गने ९९ पत्रं मिळवली, तेव्हा तो विचारण्याच्या अगदी जवळ पोचला होता. ती पत्रं छापली गेली, वाचली गेली. धोरण मात्र त्यांनी बदललं नाही.

आणि हे फक्त मिशनांपुरतं आहे का? आपल्याकडे गावात योजना येतात. शौचालयं किती, शिबिरं किती, लाभार्थी किती, असे तक्ते भरले जातात. तक्ता भरणारा आणि तक्ता मागणारा दोघंही बाहेरचे असतात. मी स्वतः मराठीत कविता लिहितो. एका सभेत मला विचारतात, ‘तुमच्या कवितेत तुमचा समाज किती टक्के येतो?’ दुसऱ्या सभेत विचारतात, ‘तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?’ दोघांच्याही हातात मोजपट्टी तयार असते. कवितेत काय आहे हे पाहण्याआधी तिची लांबीरुंदी घेतली जाते. म्हणून तरंगंबाडीतल्या त्या तरुण पाद्र्याचं दुःख मला परक्या धर्माचं असूनही ओळखीचं वाटतं. आणि वेगळ्या बाकावर बसवलेल्या त्या तमिळ ख्रिस्त्याचं दुःख तर त्याहून जवळचं.

मोजू नये असं मी म्हणत नाही. पैसा लोकांचा असतो, त्याचा हिशेब द्यायलाच हवा. पण हिशेबाच्या वहीत एक रकाना त्याच्यासाठी ठेवावा, ज्याच्या दारी आपण गेलो. तो त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत भरावा. त्यात आपल्याला न आवडणारं काही लिहिलं गेलं, तर तेही वाचावं.

आमच्या गावचा तो मिशनचा दवाखाना पुढे बंद पडला. बंद करताना त्याच्या मालक संस्थेने अहवाल केला असणार. त्यात खाटा किती, रुग्ण किती, खर्च किती हे आलं असणार. आमच्या मोहल्ल्यात कुणी विचारायला आलं नाही. आलं असतं तर अम्मीने चहा टाकला असता आणि आपल्या चार बाळंतपणांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली असती. त्या प्रार्थनेसकट.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)